आधी काय, मग काय?

1955 साली अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद जिनिव्हात भरली. अध्यक्षपदी होते डॉ. होमी भाभा. येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवता येईल, असे भाकीत त्यांनी तिथे केले. ते खरे ठरले नाही. पण तेव्हा कल्पनेतही नसलेली एक गोष्ट मधल्या काळात घडली. यंत्र एका देशात आणि ते चालवणारे दुसऱ्या देशात, असे संशोधन सुरू झाले.

चीनमधल्या हफेई शहरात 'ईस्ट' नावाचा टोकामाक आहे, म्हणजे संमीलनासाठी प्लाझ्मा हा अतितप्त विद्युतभारित वायू चुंबकीय क्षेत्रात कोंडणारे यंत्र. हफेईत मध्यरात्र होते, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत सकाळ असते. हे हेरून अमेरिकी संशोधकांनी सॅन डिएगोतल्या कंट्रोल रूममधून 'ईस्ट'ची रात्रपाळी सांभाळली. आता फ्रान्समध्ये 'ईटर' हा टोकामाक उभा राहतो आहे. भारतासह सात भागीदारांचा हा प्रकल्प. त्याच्या महाकाय क्रायोस्टॅटचे, म्हणजे यंत्राला वेढणाऱ्या शीतपात्राचे, भाग सुरतजवळच्या हजिऱ्यात घडले. 'ईटर'च्या प्रयोगांत दुरून भाग घेता यावा म्हणून जपानमध्ये रोक्काशो येथे केंद्र उभारले गेले आहे.

पण रोक्काशोतला शास्त्रज्ञ पेटलेला प्लाझ्मा हाताळू शकेल का? नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटरला 50 मिलिसेकंद, जाऊन-येऊन 100. प्लाझ्मा कोसळतो तेव्हा त्यातली उष्णता काही मिलिसेकंदांत निघून जाते. इशारा जपानला पोहोचेपर्यंत सारे संपलेले असते.

म्हणून अशा प्रयोगाचे सॉफ्टवेअर काळाची वाटणी करते. शॉटच्या, म्हणजे प्रयोगाच्या एका फेरीच्या, आधी दूरचा संशोधक आपली योजना पाठवतो, शॉट चालू असताना यंत्राशेजारचा संगणक निर्णय घेतो आणि शॉट संपला की नोंदी जगभर जातात. 'एमडीएसप्लस' ही अनेक प्रयोगशाळांतली प्रणाली प्रत्येक शॉटच्या नोंदी वेळेसकट जपते. या कामाचा सगळा जीव त्या वेळेत आहे. आधी चुंबकीय क्षेत्र थरथरले की आधी तापमान घसरले, हे कळले नाही तर प्लाझ्मा का कोसळला याचा शोधच लागत नाही.

आणि नेमक्या या आधी-नंतरलाच क्वांटम भौतिकीने हात घातला आहे! ओरेशकोव्ह, कोस्टा आणि ब्रुकनर या भौतिकशास्त्रज्ञांनी 2012 साली विचारले: घटनांचा निश्चित क्रम गृहीतच धरला नाही तर? 2015 मध्ये व्हिएन्नात या प्रश्नाशी नाते सांगणारा प्रयोग झाला. एकाच फोटॉनवर दोन क्रिया करायच्या होत्या. 'आधी अ, मग ब' आणि 'आधी ब, मग अ' हे दोन्ही क्रम अध्यारोपणात, म्हणजे एकाच वेळी एकत्र, ठेवले गेले. यातून अनिश्चित कार्यकारणभाव खरोखर सिद्ध होतो का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. मात्र यामुळे भूतकाळ बदलत नाही, प्रकाशापेक्षा वेगाने निरोपही जात नाही. रोक्काशोचे 50 मिलिसेकंद तसेच राहतात.

फोटॉनचे असे प्रयोग करायला महागडी प्रयोगशाळा लागते, दूरस्थ प्रयोगांचे सॉफ्टवेअर शिकायला साधा संगणक पुरतो. 'एमडीएसप्लस' आणि 'ईटर'ने नियंत्रणासाठी निवडलेली 'एपिक्स' या दोन्ही प्रणाली सर्वांना मोफत खुल्या आहेत. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी त्या जरूर घ्याव्यात.