कोमोच्या काठानं, गिसाल्लोच्या घाटानं

हातातलं काम खाली ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐका.

मागं एकदा आपण सायकलचं पंक्चर घरच्या घरी कसं काढायचं ते सांगितलं होतं. त्यावर एका बचत गटातल्या ताईंचा निरोप आला. "पंक्चर काढायला शिकलो, पण सायकल घेऊन जायचं कुठं? शेताच्या बांधापर्यंतच ना?" ताईंनी थट्टेत विचारलं, पण आम्हाला ते लागलं. म्हणून आज तुम्हाला सायकलवरून लांब नेतो. इटली देशात, आल्प्सच्या डोंगरात, कोमो नावाच्या सरोवरावर. आम्हीही तिथं गेलेलो नाही. नकाशा पुढ्यात पसरून, वाचून, एकमेकींना विचारून ही वाट शोधली आहे.

आधी सरोवर डोळ्यांपुढं आणू. पोरं चिंचा पाडायला बेचकी घेतात ना, ती उलटी धरा. मूठ वर, दोन फाटे खाली. अगदी तसं हे सरोवर आहे. मूठ उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांकडं. खालच्या एका फाट्याच्या टोकाला कोमो शहर, दुसऱ्याच्या टोकाला लेक्को. आणि दोन फाटे जिथं जुळतात, तिथं पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर बेल्लाजिओ नावाचं गाव. फार जुन्या काळी बर्फाच्या प्रचंड नद्या डोंगरावरून सरकत आल्या, त्यांनी दरी खरवडली आणि तिथं पाणी साठलं. सरोवर चारशे मीटरहून जास्त खोल आहे. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, त्यामुळं काठाला सपाट जमीन थोडीच. त्या चिंचोळ्या पट्टीतच घरं, बागा आणि रस्ता.

सायकलवाल्यांची पहिली वाट म्हणजे पूर्ण सरोवराची फेरी. ती साधारण १६० किलोमीटर भरते. मुरलेले लोक दिवसात करतात, बाकीचे मुक्काम करत दोन दिवसांत. रस्ता काठाकाठानं वळतो, चढ किरकोळ. पण सोपा समजू नका. कोमोहून बेल्लाजिओला जाणारा तीसेक किलोमीटरचा रस्ता इतका अरुंद आहे की एका बाजूला दगडी भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाणी. समोरून मोठी गाडी आली की सायकलवाल्यानं अंग चोरायचं. पूर्वेच्या काठाला बोगद्यांतून जाणारा मोठा वेगवान रस्ताही आहे, तो मोटारींचा. सायकलवाले गावागावांतून जाणारा जुना रस्ता धरतात. आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी व्हायच्या आत, सकाळी लवकर निघतात. घाटातनं येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीपुढं आपण जसं जपतो, तसंच हे.

ज्यांना एवढी फेरी नको, त्यांच्यासाठी होडी आहे. बेल्लाजिओ, वारेन्ना आणि मेनाज्जिओ ही तीन गावं सरोवराच्या मधोमध समोरासमोर आहेत. त्यांच्यामध्ये मोठ्या बोटी ये-जा करतात आणि माणसांबरोबर सायकलीही घेतात. म्हणजे एका काठानं यायचं, पाणी ओलांडायचं आणि दुसऱ्या काठानं परतायचं. दमलेल्या माणसाला हा मोठाच आधार.

दुसरी वाट घाटाची. बेल्लाजिओतून मागं वळलं की गिसाल्लोचा चढ लागतो. लांबी साडेआठ किलोमीटरच्या आसपास, माथा समुद्रसपाटीपासून ७५४ मीटर. म्हणजे पाण्याच्या काठापासून पाचशे मीटरहून जास्त वर. सरासरी काढली तर शंभर मीटर पुढं गेलं की सहा मीटर वर. ऐकायला थोडं वाटतं. पण हा घाट सारखा चढत नाही. सुरुवातीलाच छातीवर येतो, वळणामागं वळण. मधे जरा सपाट होतो, थोडा उतारही देतो, माणसाला वाटतं सुटलो. आणि शेवटी पुन्हा उभा राहतो. म्हणून जाणते लोक सांगतात, पहिल्या वळणांवर जोर संपवू नका. हलका गिअर टाका. पायडल भरभर फिरलं तरी चालेल, पण गुडघ्यावर भार नको. आणि ज्यांच्या सायकलीला गिअरच नाही, त्यांनी खुशाल उतरून चालावं. चढाला उतरून चालण्यात लाज कसली?

याच डोंगरात तिसरी एक वाट आहे, सोर्मानोची भिंत. नावच भिंत! दोन किलोमीटरहून कमी लांब, पण काही ठिकाणी शंभर मीटरला पंचवीस मीटरचा चढ, म्हणजे जवळजवळ जिनाच. १९६० साली ती पहिल्यांदा मोठ्या शर्यतीत घेतली, तेव्हा भलेभले खाली उतरले. दोन वर्षांत ती शर्यतीतून काढून टाकली, आणि २०१२ मध्ये पुन्हा घेतली.

आता गिसाल्लोच्या माथ्यावर थांबू. आपल्याकडं घाटमाथ्यावर देवीचं ठाणं असतं, गाडीवाले नारळ फोडतात, तसंच तिथं मेरीमातेचं छोटं देऊळ आहे. १९४९ मध्ये पोपनी या मातेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती ठरवलं. आत भिंतीवर नामवंत खेळाडूंचे सदरे आणि सायकली टांगलेल्या. तिथं एका बाईचीही सायकल आहे. तिच्याचसाठी आम्ही तुम्हाला एवढा घाट चढवून आणलं.

तिचं नाव आल्फोन्सिना स्त्रादा. १८९१ साली इटलीतल्या एका खेड्यात शेतमजुराच्या घरी जन्मली. ती दहाएक वर्षांची असताना वडिलांनी एक जुनी सायकल घरी आणली. पोरीनं तीच पकडली. गावात बोलणं सुरू झालं, तिला सैतान म्हणायचे. आई म्हणे, शिवणकाम कर. तर ही रविवारी चर्चला जाते सांगून शर्यतीला जायची. लग्न लवकर झालं. पण नवरा वेगळा निघाला. लग्नाची भेट म्हणून त्यानं तिला शर्यतीची सायकल दिली, असं सांगतात.

१९१७ मध्ये तिनं लोंबार्दी प्रांताच्या मोठ्या शर्यतीत पुरुषांबरोबर नाव घातलं. शेवटची आली, पण पुरी केली. पुढच्या वर्षी पुन्हा उतरली, पुन्हा पुरी केली, आणि या वेळी तिच्या मागंही कुणीतरी होतं. ही शर्यत गिसाल्लोच्या घाटात १९१९ पासून यायला लागली. म्हणजे आल्फोन्सिनाच्या वेळी शर्यतीची वाट इथून जात नव्हती. तरी तिची सायकल इथं आहे.

मग आलं १९२४ साल. इटलीभर फिरणारी शर्यत, जिरो. मोठ्या संघांनी पैशाच्या वादातून अंग काढलं, आयोजकांना खेळाडू कमी पडले, आणि हिला जागा मिळाली. यादीत तिच्या नावातलं शेवटचं अक्षर गळालं होतं, त्यामुळं वाचणाऱ्यांना तो पुरुषच वाटला. ३,६१३ किलोमीटर, बारा टप्पे. रस्ते मातीचे, आजच्यासारखे गिअर नाहीत. वादळी पावसात लाक्विला ते पेरुजा या टप्प्यात ती पडली आणि हँडल मोडलं. वाटेतल्या एका शेतकरीणबाईनं झाडूचा दांडा दिला, तो हँडलच्या जागी बांधून ती पुढं निघाली, असं सांगतात. पोचायला उशीर झाला. नियमानं ती बाद. पण रस्त्यावर लोक तिलाच बघायला उभे राहत होते, म्हणून आयोजकांनी सांगितलं, चालवायची तर चालव, पण तुझा क्रमांक धरणार नाही. तिनं चालवली. नव्वद जण निघाले होते, तीसच जणांचा क्रमांक लागला. आणि क्रमांक नसलेली आल्फोन्सिनाही मिलानला पोचली. पुढच्या वर्षी मात्र तिला घेतलं नाही. नंतर तिनं मिलानमध्ये सायकलचं दुकान चालवलं. १९५९ मध्ये ती गेली.

बायकांची स्वतंत्र जिरो सुरू झाली ती १९८८ मध्ये. आणि २०१४ साली बायकांच्या त्या शर्यतीचा शेवटचा टप्पा कुठं संपला माहीत आहे? याच गिसाल्लोच्या माथ्यावर. आल्फोन्सिनाच्या जिरोला त्या वर्षी नव्वद वर्षं झाली होती. इंग्लंडची एमा पूली तो घाट चढून पहिली आली. आल्फोन्सिनाची सायकल तिथून हाकेच्या अंतरावर.

हे आम्ही गटाच्या बैठकीत वाचलं, तेव्हा एक मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या नातीला शाळेसाठी सायकल मिळाली. ती चालवतो तिचा भाऊ. पोरगी चालत जाते." बैठकीत कुणी कुणाकडं बघेना. कारण सगळ्यांनाच आपापल्या घरची सायकल आठवली. दूध घालायला ती, दुकानाला ती, पोराला क्लासला ती. जिच्या नावानं आली तिला सोडून सगळ्यांना ती. आमच्यातल्या दोघींनी तर कबूल केलं की पोरीला "लोक काय म्हणतील" हे सगळ्यात आधी आपणच म्हणालो होतो.

कोमोला आपण जाऊ न जाऊ. पण एक काम या आठवड्यात होण्यासारखं आहे. पोरीची सायकल पोरीच्या हातात द्या. सीट तिच्या उंचीला करा. बसल्यावर पायाचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दोन्ही ब्रेक ओढून बघा, साखळीला तेल घाला. उतारावर ब्रेक एकदम करकचून दाबायचा नाही, दोन्ही हळूहळू धरायचे, एवढं तिला शिकवा. आणि जिला स्वतःला येत नाही, तिनं संध्याकाळी शाळेच्या मैदानावर यावं. पडायला आम्हीही सोबत असू. आमच्यातल्या तिघी अजून शिकतायत, त्यातल्या एकीला सून आली आहे.

त्या निरोपवाल्या ताईंना एवढंच सांगतो. ताई, सायकल आधी बांधापर्यंतच न्या. पण स्वतः चालवत न्या.

पुढच्या वेळी भेटू. तोवर मावशींच्या नातीचं काय झालं ते विचारून ठेवतो.