हुमणीची शिदोरी आणि गावाचे कर्तव्य



हवेली तालुक्यातील लोणी काळभोरचा परिसर मुळा-मुठेच्या खोऱ्यातला. कालव्याच्या पाण्याने येथे ऊस आला. पुणे जिल्ह्यातील या पिकाच्या शत्रूंमध्ये हुमणी प्रमुख होय. भाद्रपदात उसाचे हिरवेगार बेट एकाएकी पिवळे पडते आणि ओढताच उपटून येते, कारण त्याची मुळे हुमणीने कुरतडलेली असतात.

ही अळी इतके का खाते? तिच्या आतड्यातील विकरे, म्हणजेच एन्झाइमे, अन्नातील प्रथिनांचे विघटन करतात. मुळांतील तंतू पचविण्यास आतड्याच्या मागील फुगीर भागातले सूक्ष्मजंतू साहाय्य करतात. या अन्नातून केवळ अळीचे शरीर वाढते असे नव्हे. कीटकांच्या देहात मेदपिंड नावाचे ऊतक असते. अळीच्या अखेरच्या अवस्थेत ते साठ्याची प्रथिने निर्माण करून रक्तद्रवात सोडते आणि कोषावस्था जवळ येताच तीच प्रथिने परत शोषून कणरूपाने साठविते. कोष काहीच खात नाही. त्या काळात विकरे हा साठा मोडतात आणि त्यातून भुंग्याचे पंख, पाय व स्नायू घडतात. म्हणजे श्रावण-भाद्रपदात शेतकऱ्याने गमावलेली मुळे ही पुढील वर्षीच्या भुंग्याची शिदोरी ठरते.

उपायाची वेळ यावरूनच ठरते. शिदोरी भरलेली अळी खाणे थांबवून जमिनीत खोल जाते. त्यानंतर औषध टाकणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. मेटारायझियम बुरशीसारखे जैविक उपाय पावसाळ्याच्या आरंभी, अळी लहान असतानाच योजावेत.

त्याहून सोपा उपाय भुंग्यांचा. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला ते जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. एक मादी सुमारे ५० ते ६० अंडी घालते. त्यापूर्वीच फांद्या हलवून भुंगे खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. प्रकाश-सापळेही उपयोगी पडतात.

मात्र भुंगा बांध ओळखत नाही. एकाने वेचले आणि शेजाऱ्याने सोडले, तर श्रम वाया जातात. म्हणून ग्रामपंचायतीने पहिल्या पावसाबरोबर दवंडी द्यावी, शिवारातील झाडे वाड्या-वस्त्यांना वाटून द्यावीत आणि कृषी विभागाचे मार्गदर्शन घ्यावे. शिक्षकांनी हे जीवनचक्र वर्गात समजावून सांगावे. चार रात्रींच्या सामुदायिक श्रमांनी वर्षभराचे पीक वाचू शकते.