मणक्याची शस्त्रक्रिया आणि कापाची लांबी

मणक्यांमधली गादी सरकली की पायाकडे जाणारी नस दबते आणि कंबरेपासून पोटरीपर्यंत कळा येतात. हे कारण १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी ठामपणे मांडले. त्या काळी गादीचा निसटलेला तुकडा काढायचा तर पाठीचे स्नायू हाडापासून सोडवून मणक्याची मागची कमान कापावी लागे. इतके उघडावे लागे, कारण खोलवरचे नीट दिसतच नसे. १९७७ मध्ये यासरगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. प्रकाश मिळाला, नस मोठी दिसू लागली आणि काप आखूड झाला. १९९७ मध्ये अमेरिकेतील फोली आणि स्मिथ यांनी स्नायू न कापता, ते फाकवून नळी आत घालण्याची आणि दुर्बिणीतून तुकडा काढण्याची पद्धत मांडली. या साऱ्या वाटचालीत आधी नजर सुधारली, मग काप कमी झाला. जाहिरातीत मात्र छोटा छेदच पुढे केला जातो आणि वेदनेने बेजार झालेला रुग्ण त्यावर भरवसा ठेवतो, याची मला काळजी वाटते.

कारण छेद लहान म्हणजे गुण जास्त, असा हिशेब नाही. सर्वांत लहान छेद सुईचा. १९६४ मध्ये लायमन स्मिथ यांनी पपईच्या चिकातले विकर सुईने गादीत सोडून ती विरघळवण्याचा उपाय सुचवला. तो बराच काळ चालला. पण काहींना तीव्र ॲलर्जी झाली, क्वचित मज्जारज्जूला इजा झाली, आणि तो मागे पडला. नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर अधिक बोलका आहे. कोणावर कोणती पद्धत वापरली हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. वर्षभराने चांगले बरे झालेले रुग्ण नळीच्या पद्धतीत ६९ टक्के, तर नेहमीच्या सूक्ष्मदर्शकी पद्धतीत ७९ टक्के निघाले.

मग नव्या पद्धती निरुपयोगी का? मुळीच नाही. दोन मणके स्क्रूने जोडण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत स्नायू वाचले की रक्त कमी जाते, आणि वयस्कर रुग्णाला त्याचे मोल फार. शिवाय २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्याच दुसऱ्या मोठ्या चाचणीत, बाजूने दुर्बीण घालून केलेली शस्त्रक्रिया पायाच्या दुखण्यावर सूक्ष्मदर्शकी पद्धतीपेक्षा उणी ठरली नाही. मात्र ती शिकायला वेळ लागतो. म्हणून रुग्णाने टाके किती पडतील हे विचारण्याआधी, ही शस्त्रक्रिया आपल्याला खरोखर लागते का आणि डॉक्टरांचा या पद्धतीत हात किती बसलेला आहे, हे विचारावे.