लोहगडाची सहल

(मंडळाच्या मासिक सभेत वाचून दाखविलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि चारचौघींत उभे राहिले की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहून आणले आहे. चिटणीसबाई म्हणाल्या, "सहल तुम्ही नेलीत आणि अर्ध्यातून परतही तुम्हीच फिरवलीत, तेव्हा बोलायचेही तुम्हीच." त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण त्यातली बोच मला कळली. सहलीला आलेल्या सतरा जणींपैकी निम्म्या अजून माझ्यावर थोड्या रुसलेल्या आहेत. तेव्हा काय झाले ते सगळ्यांसमोर एकदा सांगूनच टाकते.

लोहगड ठरला तो आपल्या काकूंमुळे. काकू मंडळात सर्वांत वडील. त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांचे माहेर कर्जतचे. लग्न होऊन चिंचवडला आल्या तेव्हापासून आगगाडीने माहेरी जाता-येता कामशेत मागे पडले की त्या खिडकीशी सरकायच्या आणि डोंगरावरची ती लांब सोंड बघायच्या. विंचवाच्या नांगीसारखी दिसते म्हणून तिला विंचूकाटा म्हणतात. बाळंतपणाला गेल्या तेव्हा पाहिला, वडील गेल्याची तार आली तेव्हा पाहिला, मुलीचे लग्न ठरवायला गेल्या तेव्हाही पाहिला. पण पाय लागला नाही तो नाहीच. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातले अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. या यादीत लोहगडही आहे. वर्तमानपत्रात ते वाचून काकू सभेत म्हणाल्या, "जगाने पाहिला, मीच राहिले." त्यावर कोण काय बोलणार? श्रावणातला बुधवार ठरला. सोमवार-शनिवारी उपवास, रविवारी तिथे जत्रेसारखी गर्दी, म्हणून बुधवार.

घरोघरी काय झाले ते मी सांगायला नको. "पावसात गडावर? त्यापेक्षा घरी कांदाभजी करा," हे वाक्य निदान दहा घरांत बोलले गेले असेल. माझ्याही घरी झाले. मी भजीही केली आणि सहलीलाही गेले.

पेहरावाचा मोठा वाद झाला होता. तरुण सुनांनी पंजाबी ड्रेस घातले, आम्ही मधल्या वयाच्या पाचवारीत, आणि काकू कासोटा घट्ट मारून नऊवारीत. गडावर सर्वांत हाल कोणाचे झाले असतील तर पाचवारीवाल्यांचे. निऱ्या भिजून जड होतात, पायरीगणिक पायात येतात, आणि एक हात सदा त्या उचलण्यात अडकतो. काकूंचे दोन्ही हात मोकळे होते. पुढच्या वेळी मी तरी पाचवारी नेसणार नाही.

सकाळच्या लोकलने मळवलीला उतरलो. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागते. भातलावणी संपत आली होती. बायका कमरेत वाकून चिखलात रोपे लावत होत्या. पूर्वी पाठीवर इरले असे, आता प्लास्टिकचा कागद. आपण घरी शिजवतो तो इंद्रायणी तांदूळ इथलाच, मावळातला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली तो काढला. तांदळाच्या डब्यात रोज हात घालते, पण रोप कधी जवळून पाहिले नव्हते.

भाज्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, बावीस आहेत. पण ती बाजूला ठेवून आम्ही पुढे निघालो. तिथल्या धबधब्यापाशी मात्र पहिला खटका उडाला. सुनांना पाण्याखाली उभे राहायचे होते. मी नको म्हटले. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसे वाहून गेली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. वर डोंगरात सर आली तर खाली ऊन असले तरी पाणी एकाएकी वाढते. मला पोहता येत नाही, आणि सतरा जणींत पोहता येणारी एकच होती. सुना गप्प बसल्या, पण चेहरे उतरले.

लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या खिंडीतून लोहगडवाडीला पोहोचेपर्यंत दोन-अडीच तास गेले. वाडीपर्यंत गाड्या जातात. काकूंसाठी आम्ही जीप सांगितली होती, पण त्या बसल्या नाहीत. वाडीत एका घरी आधीच जेवण सांगून ठेवले होते. इथे एक गोष्ट लाज सोडून बोलते. पुरुषांच्या सहलीत जो प्रश्न कुणाला पडत नाही, तो आम्हां बायकांना सकाळपासून पडलेला असतो. अर्ध्या जणींनी त्या भीतीने घरून निघताना चहासुद्धा घेतला नव्हता. त्या घरच्या बाईने आम्ही काही विचारण्याआधीच मागचे दार दाखवले आणि बादली भरून ठेवली. या एका गोष्टीसाठी मी तिला जन्मभर विसरणार नाही. पुढे कुठलीही सहल ठरवताना देऊळ, धबधबा नंतर पाहा. आधी हे विचारा.

आता गडाकडे वळते. पायऱ्या रुंद दगडी आहेत, पण पावसाळ्यात त्यांवरून ओढ्यासारखे पाणी येते आणि कडेला शेवाळ धरते. म्हणून पायरीच्या मधोमध चालायचे, आणि पाऊल आडवे टाकायचे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. हनुमान दरवाजा त्यांत सर्वांत जुना. नारायण दरवाजा नाना फडणीसांनी बांधला आणि तिथल्या भुयारात भात व नाचणी साठवीत. आम्हां बायकांना ते भुयार तोफांपेक्षा जास्त आवडले. एक म्हणाली, "इथे उंदरांचे काय करत असतील?" गणेश दरवाजाच्या बुरुजाखाली नरबळी दिला होता आणि त्याच्या बदल्यात त्या घराण्याला वाडीची पाटीलकी मिळाली, असे सांगतात. खरे-खोटे देव जाणे. पण मग ज्याचा बळी गेला त्याच्या बायकोला पाटलीणबाई म्हणत असतील का, हे माझ्या मनातून जाईना.

वाट सापासारखी वळणे घेत चढते. वरून मागे पाहिले की खालचे दरवाजे आणि बुरूज एकाच्या कुशीत एक दिसतात. शत्रू एका दरवाजातून आत आला की वरच्या तटावरून त्याच्या डोक्यात दगड घालता येतो, अशी ती रचना. पुरंदरच्या तहात १६६५ साली महाराजांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत हा होता, आणि १६७० मध्ये तो परत घेतला. पण १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी शेजारचा विसापूर घेतला, आणि मग लोहगड न लढताच पडला. कारण विसापूर उंच आहे. तिथून तोफा डागल्या तर या दरवाजांचा काही उपयोग नाही. विसापूरची मोडतोड इंग्रजांनी केली. लोहगडाचे दरवाजे मात्र राहिले, म्हणून आज आपल्याला ते पाहायला मिळतात.

मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तक आणून मी ती नीट वाचली. नाना फडणीस १३ मार्च १८०० ला वारले. त्यांच्यामागे राहिली ती जिऊबाई, वयाने अगदी लहान. नानांच्या पैशावर दुसऱ्या बाजीरावाचा डोळा. अशा वेळी ती या गडाच्या आश्रयाला आली. गड नानांच्या विश्वासातल्या धोंडोपंत नित्सुऱ्यांच्या ताब्यात होता आणि ते तो बाजीरावाला देईनात. शेवटी १८०३ मध्ये वेलस्ली मध्ये पडला, गड सोडावा लागला आणि जिऊबाई इंग्रजांच्या आश्रयाने पनवेलला जाऊन राहिली. पुस्तकात हे चार ओळींत संपते. पण गडावरचे दिवस त्या पोरीने कुठल्या कोठीत काढले असतील, वाऱ्याने दार वाजले की तिला काय वाटत असेल, तिच्याजवळ बोलायला एखादी बाई होती की नाही, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. मी त्या माथ्यावर अर्धा तास उभी होते, बरोबर सोळा जणी होत्या, तरी मला तिथे एकटे वाटले.

कारण माथ्यावर पोहोचलो तेव्हा काहीच दिसत नव्हते. ढग गडावर बसला होता. दक्षिणेला पवनेचे धरण, तुंग, तिकोना दिसतात म्हणतात. आम्हांला आमचीच शेवटची बाई दिसेना. नानांनी बांधविलेल्या सोळा कोनांच्या तळ्याशी आम्ही आलो तेव्हा ते पायाशी येईपर्यंत कळले नाही. वारा इतका की छत्री उघडली तिची काडी न् काडी झाली. एकमेकींचे पदर आणि ओढण्या धरून आम्ही पश्चिमेच्या टोकाला गेलो. तिथून विंचूकाटा सुरू होतो. लांबी सुमारे दीड हजार मीटर, रुंदी तीस, दोन्हीकडे दरी. आणि त्यावर जायला आधी एक खडकाचा टप्पा उतरावा लागतो. तो टप्पा ओला, त्यावरून पाणी वाहत होते.

मी दोन मिनिटे पाहिले आणि म्हटले, "परत फिरायचे."

मग जे व्हायचे ते झाले. एक म्हणाली, इतके चालून आलो ते कशाला? दुसरी म्हणाली, ज्यांना भीती वाटते त्यांनी थांबावे, बाकीच्या जाऊ. सुना धबधब्याचा राग मनात धरून होत्याच. त्यांतली एक म्हणाली, "घरीही नाही आणि इथेही नाही." हे मला लागले. घरी ज्या आवाजात आम्हांला नको म्हणतात, त्याच आवाजात मी बोलत होते की काय? पण अर्ध्या जणी धुक्यात गेल्या आणि एखादीचा पाय सरकला, तर तो बाकीच्यांना दिसणारही नव्हता. मी जागची हलले नाही. काकू काहीच बोलल्या नाहीत. त्या खडकाच्या कडेशी उभ्या राहून धुक्यात बघत होत्या. मग वळल्या आणि सगळ्यांच्या आधी उतरायला लागल्या.

वाडीत गरम पिठले, तांदळाची भाकरी, भात आणि लसणीची चटणी मिळाली. बोलणे कमीच झाले. आणि गंमत पाहा, संध्याकाळी द्रुतगती मार्गाच्या पुलावर आलो तेव्हा ढग उठला. सगळा लोहगड धुतल्यासारखा समोर, आणि विंचूकाटा टोकापर्यंत उन्हात. जणू त्या डोंगराने मला सर्वांसमोर खोटे पाडले. मळवलीच्या फलाटावर काकू दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या, आणि पुढच्या दोन सभांतही त्या माझ्याशेजारी बसल्या नाहीत.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, "तू केलेस ते बरोबर, हे मला तिथेच कळले होते. पण माझे गुडघे आणखी किती दिवस माझे ऐकतील, हे तुला ठाऊक आहे का?" मला उत्तर देता आले नाही. कप विसळून ठेवून मी घरी आले.

त्यानंतर मी वाडीतल्या त्या बाईला फोन केला. ती म्हणाली, मार्गशीर्षात या. वाट कोरडी असते, हवा स्वच्छ असते, आणि तो खडक उतरायला तिचा मुलगा दोर घेऊन येईल. या खेपेला जीप थेट वाडीपर्यंत न्यायची म्हणजे गुडघ्यांची शक्ती गडासाठी उरेल. मार्गशीर्षातले गुरुवार सोडून एक दिवस धरला आहे. जीपमध्ये नऊ जणी मावतात, दोन जीप लागतील. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज सभा संपल्यावर खजिनदारबाईंकडे नाव द्यावे आणि पैसे पुढच्या सभेला आणावेत. काकूंचे नाव मी त्यांना न विचारताच पहिले लिहिले आहे. त्या आत्ता माझ्याकडे बघत नाहीत, पण खोडा असेही म्हणाल्या नाहीत.