लोथार : नायकाशेजारचा माणूस

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सर्जापूर रोड येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



इब्लूरच्या चौकातील गर्दी पार करून आपण येथवर आलात, आणि आम्ही बोलणार चित्रकथांवर, याचा संकोच वाटतो. परंतु विषय बाळबोध असला तरी त्यातील प्रश्न बाळबोध नाही.

मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ते १९९० पर्यंत चालले. वेताळ आणि जादूगार मँड्रेक आमच्याशी मराठीत बोलले ते त्यांतूनच. ते अंक आम्ही भाड्याने आणून, गणिताच्या पुस्तकात लपवून वाचले. लक्ष सारे मँड्रेकच्या उंच टोपीकडे. शेजारचा लोथार म्हणजे निव्वळ बाहुबळ, एवढीच आमची समजूत.

मोठेपणी जुन्या चित्रमालिकांचे संग्रह पाहिले आणि चकित झालो. ली फॉक यांनी लिहिलेली, फिल डेव्हिस यांनी रेखाटलेली ही मालिका अमेरिकी वृत्तपत्रांत ११ जून १९३४ रोजी सुरू झाली. त्या आरंभीच्या लोथारच्या अंगावर बिबट्याचे कातडे, डोक्यावर तुर्की टोपी, तोंडी मोडकीतोडकी इंग्रजी. हाकेसरशी धावणारा सेवकच तो. आणि हाच लोथार आफ्रिकेतील जमातींच्या संघाचा राजपुत्र, राजपद नाकारून मित्रासोबत निघालेला! सिंहासन सोडणाऱ्याच्या वाट्याला असे बोलणे का यावे?

डेव्हिस १९६४ मध्ये निवर्तले. १९६५ पासून फ्रेड फ्रेडरिक्स चित्रे काढू लागले आणि लोथारचा वेष बदलला, भाषा शुद्ध झाली, सेवकाचा सहकारी झाला. तत्पूर्वी, १९६० या एकाच वर्षी आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले होते. १९६४ मध्ये अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला होता. लेखक तेच, लोथारचे बळही तेच. बदलली ती त्याच्याकडे पाहणाऱ्यांची नजर.

इंग्रजीत 'यू' म्हटले की काम भागते. मराठीत मात्र 'ये' म्हणावे की 'या', हे ठरवल्याविना वाक्य पुरे होत नाही. समोरच्याची पायरी क्रियापदच सांगून टाकते. नोकरीच्या आरंभी आमच्या कार्यालयात एक शिपाई होते, आमच्याहून वीस वर्षांनी वडील. आम्ही त्यांना 'अरे' म्हणत असू. त्यांच्या निरोपसमारंभास गावाहून माणसे आली, आणि एकेक जण त्यांच्या पाया पडू लागला, तेव्हा कळले की गावच्या भजनी मंडळाचे ते बुवा. त्या दिवशी आमच्या तोंडून प्रथमच 'अहो' निघाले. तोवर त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला होता.

आपल्या मंडळाच्या या ग्रंथात अध्यक्षांची छायाचित्रे येतील, ती यावीतच. परंतु पन्नास वर्षे ज्यांनी सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या लावल्या, गणपतीच्या मंडपात रात्री जागून काढल्या, पंगतीसाठी चुलीपाशी घाम गाळला, त्यांचीही नावे छापावीत. त्यांत कानडी असतील, तमिळ असतील. त्यांच्याही नावांआधी 'श्री.' आणि 'श्रीमती' असावे. लोथारला यासाठी तीस वर्षे थांबावे लागले. आपण आणखी थांबू नये, एवढीच विनंती.