आरोग्याची नोंद आणि माणसाची संमती

(अंजनगाव सुर्जी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावात हा अभ्यासवर्ग भरला आहे, त्या गावाचे नाव इतिहासात एका तहामुळे आले. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि गंगा-यमुनेच्या दुआबासह दिल्ली-आग्र्याकडील मुलूख कंपनी सरकारच्या हाती गेला. तहाच्या कागदावर मुलखांची नावे होती, किल्ल्यांची नावे होती. त्या मुलखात राहणाऱ्या रयतेची संमती मात्र कोणी विचारली नव्हती. राजेशाहीत ती विचारण्याची रीतच नव्हती. लोकशाहीत ती रीत आहे असे मानले जाते. परंतु माणसाच्या शरीराची, त्याच्या रोगाची आणि औषधाची नोंद कोणाच्या हाती जावी, याचा निर्णय देशपातळीवर होत असताना ती रीत कितपत पाळली जाते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात डिजिटल आरोग्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाची कल्पना मांडली गेली. २०१८ साली नीती आयोगाने आणि २०१९ साली आरोग्य मंत्रालयाने आपापले आराखडे प्रसिद्ध केले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने ते देशभर लागू झाले. प्रत्येक नागरिकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक, आरोग्य व्यावसायिकांची एक नोंदवही, दवाखान्यांची दुसरी, आणि रुग्णाच्या संमतीने एका ठिकाणची कागदपत्रे दुसऱ्या ठिकाणी दिसण्याची सोय, असे तिचे स्वरूप आहे. नोंदी एका मध्यवर्ती कोठारात न साठवता जेथे तयार झाल्या तेथेच ठेवाव्यात, हे तिचे तत्त्व योग्य आहे. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, हेही कागदावर स्पष्ट आहे.

अशा योजनेला केवळ ती यंत्राची आहे म्हणून विरोध करणे समाजवादी विचाराला शोभणारे नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला तेव्हा कामगार संघटनांनी त्याला कडवा विरोध केला. त्या विरोधामागची रोजगाराची चिंता खरी होती. परंतु यंत्र थांबले नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या कामाचे, हा प्रश्न मात्र तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे.

नोंदीचा उपयोग गरिबाला नाही, असेही नाही. समजा, येथील पानमळ्यात काम करणारा एखादा मजूर आजारी पडला. तो गावातल्या डॉक्टरकडे जातो, तेथून सरकारी दवाखान्यात, तेथून अचलपूरला, मग अमरावतीला आणि अखेरीस नागपूरला. प्रत्येक ठिकाणी तीच रक्ततपासणी, तीच क्ष-किरण तपासणी आणि तोच खर्च पुन्हा होतो. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतील चिठ्ठ्या पावसात भिजल्या की त्याच्या आजाराचा इतिहासच पुसला जातो. त्याचे कागद त्याच्याबरोबर सुरक्षित प्रवास करू लागले तर त्याची रोजंदारी वाचेल आणि प्रसंगी जीवही वाचेल.

समूहाच्या नोंदीचे मोल तर याहून मोठे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. दवाखान्यादवाखान्यांत दाखल होणाऱ्या विषबाधितांचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला एकत्र दिसते, तर धोक्याची घंटा आधी वाजली असती. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. कोणत्या गावात किती रुग्ण आणि तेथील पाणी कसे, हे शेजारीशेजारी मांडले गेले तर ती तक्रार न राहता पुरावा होईल. मेळघाटातील बालमृत्यू १९९३ साली राज्यभर गाजले. पुढे २००१ साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालात सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. ती मोजणी गावोगाव हिंडून केलेली होती. खरी नोंद सत्तेला जाब विचारू शकते, हा तिचा धडा आहे.

तेव्हा आक्षेप नोंदीला नाही. आक्षेप नियोजनाच्या क्रमाला, श्रमाच्या वाटणीला आणि संमतीच्या स्वरूपाला आहे.

क्रमाचा विचार प्रथम करू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१२ साली राष्ट्रांसाठी एक मार्गदर्शिका तयार केली. तिने अशा धोरणाची सात अंगे सांगितली: नेतृत्व, नियोजन व गुंतवणूक, सेवा, पायाभूत सोयी, प्रमाणके, कायदा आणि मनुष्यबळ. यंत्रसामग्री हे त्यांतले एक अंग आहे. ब्रिटनने २००२ साली आपल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी प्रचंड संगणक कार्यक्रम हाती घेतला आणि अब्जावधी पौंड खर्चून २०११ साली तो मोडीत काढला. वरून लादलेली व्यवस्था डॉक्टर-परिचारिकांच्या रोजच्या कामात बसली नाही, हे त्याचे एक मुख्य कारण. ज्या देशात आरोग्यसेवा सार्वजनिक आणि सर्वांसाठी आहे तेथे ही गत झाली. मग जेथे सेवाच अपुरी आहे तेथे काय होईल?

१९४६ साली भोर समितीने पैशाअभावी कोणीही वैद्यकीय सेवेवाचून राहू नये, असे तत्त्व मांडले. तिच्या दीर्घकालीन योजनेत दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय होते. या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर नाशिकचे. त्यांच्या अहवालाला पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ते रुग्णालय आलेले नाही. २०१७ च्या धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, महामारीच्या त्या वर्षीसुद्धा, तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेला होता. डिजिटल मिशनला फेब्रुवारी २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर झाले. भागाकार केला तर हे माणशी वर्षाला सव्वादोन रुपयांच्या आसपास पडतात. म्हणजे ही रक्कम जास्त असल्याची तक्रार नाही. तिच्यामुळे डॉक्टरांची उणीव झाकली जाते, ही तक्रार आहे. याच तालुक्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आरोग्याच्या नियोजनातही हाच क्रम हवा: आधी डॉक्टर, परिचारिका आणि औषध, मग पडद्यावरची नोंद.

दुसरा आक्षेप श्रमाचा. देशाची ही सारी माहिती अखेर भरते कोण? आशा आणि अंगणवाडी सेविका. २००५ सालापासून आशाताई गावोगाव राबत आहेत. परंतु सरकारदरबारी त्या कर्मचारी नसून ‘स्वयंसेविका’ आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, कारण ते निकृष्ट होते आणि पोषण आहाराची माहिती भरण्याचे ॲप इंग्रजीत होते. मराठी मुलांची वजने मराठी सेविकेने इंग्रजीत भरावीत, असे ज्या नियोजनकारांना वाटले त्यांनी अंगणवाडी कधी पाहिली होती काय? याउलट १ जानेवारी २०२३ पासून नोंदी जोडल्याबद्दल रुग्णालये, प्रयोगशाळा आणि संगणकप्रणाली पुरवणाऱ्या कंपन्या यांना प्रोत्साहनपर रक्कम देण्याची योजना सुरू झाली. नोंदीला किंमत आहे हे सरकारला ठाऊक आहे. ती किंमत उन्हातान्हात हिंडून नोंद घेणाऱ्या बाईला हक्काचे वेतन म्हणून का मिळू नये?

तिसरा आक्षेप संमतीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले ते रोगाबरोबर घर आणि गाव गमावलेल्या माणसांसाठी. या देशात २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते. रोगाची माहिती बाहेर फुटली की माणसाचे काय होते, हे वऱ्हाडाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आज सिकलसेल, क्षयरोग किंवा मनोविकार यांची नोंद विमा कंपनीच्या, मालकाच्या किंवा सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांच्या हाती पडली तर तेच होईल. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. परंतु २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण नाही आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याचे अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवले आहेत. ब्रिटनने लोकांना पुरेसे न सांगता त्यांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र करण्याचा ‘केअर डॉट डेटा’ हा बेत २०१३ मध्ये आखला. लोकमत खवळले आणि २०१६ मध्ये तो सोडून द्यावा लागला. तेथील नागरिकाला आपण नकार देऊ शकतो, हे ठाऊक होते. येथे केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या कोरकू बाईला कोणी ‘आभा’ काढायला सांगितले, तर ती नाही म्हणेल काय? जिला नकाराचा अर्थ उपचार न मिळणे असा वाटतो, तिच्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही.

या तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी एक उलटापालट आहे. समूहाचा आकडा समूहाचा असला पाहिजे आणि माणसाचा कागद माणसाचा. आज गावाचे आकडे वर जातात ते गावाला परत दिसत नाहीत. आणि माणसाचा खाजगी कागद मात्र अनेक हातांत जाण्याची वाट मोकळी होते. समाजवादी नियोजनाने ही उलटापालट दुरुस्त केली पाहिजे.

त्यासाठी कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या लावून धराव्यात. क्रमांक नाही म्हणून कोणत्याही दवाखान्यात उपचार, औषध किंवा योजनेचा लाभ नाकारला जाऊ नये आणि ही गोष्ट प्रत्येक दवाखान्याच्या दारावर मराठीत, मेळघाटात कोरकूतही, लिहिलेली असावी. कागदी केसपेपर चालू राहावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक हल्ल्याने बंद पडले तेव्हा रुग्णांना कागदानेच तारले. विमा कंपन्या आणि मालक यांना वैयक्तिक नोंदी पाहण्यास कायद्याने मनाई असावी. आशा आणि अंगणवाडी सेविकांना कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा आणि नोंदीचे काम वेतनाच्या वेळेत मोजले जावे. गावाचे आकडे, नावे वगळून, दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत वाचले जावेत.

ही शेवटची मागणी स्वप्नाळू वाटण्याचे कारण नाही. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती जिल्हा होता. गावकऱ्यांनी स्वतः भरलेले तक्ते हाती घेऊन जनसुनवाईत अधिकाऱ्यांना प्रश्न विचारल्याचा अनुभव या जिल्ह्याला आहे. तो अनुभव हाच खऱ्या राष्ट्रीय धोरणाचा पाया होऊ शकतो.

कार्यकर्त्यांचे पहिले काम साधे आहे. येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारावे: आपल्या उपकेंद्रात गेल्या वर्षी किती बाळंतपणे झाली, किती मुले दगावली आणि किती दिवस औषध नव्हते? उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला जावा. जी यंत्रणा या तीन प्रश्नांची उत्तरे गावाला देऊ शकत नाही, तिला गावातल्या माणसाचा चौदा अंकी क्रमांक मागण्याचा नैतिक अधिकार नाही.