चेक इंजिन लाइट लागली? आधी कोड वाचा

आजचा विषय डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनचा दिवा. आमची डोंबिवलीतली गाडी 2014 ची, पेट्रोल-सीएनजी. बाबा तिच्यातून आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला ठाण्याला नेतात, म्हणजे शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ती बंद पडून चालत नाही. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच ‘ईसीएम गेलाय’ सांगितलं. मी म्हटलं, थांबा, आधी लॉग बघू.

स्टिअरिंगखाली 16 पिनांचं ओबीडी पोर्ट असतं. त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावला, फोनवर कोड आला: पी0301. म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पण कोड फक्त लक्षण सांगतो, कुठला पार्ट गेला ते नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, काहीही असू शकतं.

सीएनजीवर झटके होतेच, नुसत्या पेट्रोलवर चालवली तरी झटके. म्हणजे इंधनावरचा संशय कमी, ठिणगीवरचा जास्त. मग इंजिन थंड झाल्यावर एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड क्लिअर केला, पत्रीपुलापर्यंत चक्कर मारली. नवा कोड पी0302! बिघाड कॉइलबरोबर सरकला. एक कॉइल बदलली, झटके गेले. (कोडिंगमध्ये इतकं सरळ कधी होत नाही.)

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर मात्र बाजूला घ्या. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग. आणि हो, कोड क्लिअर करण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.